रक्तस्राव : आपत्कालीन व शस्त्रक्रियाकालीन परिचर्या

रोहिणी, नीला अथवा केशवाहिनी यांच्या भित्तीचा भेद होऊन रक्त वाहिनीबाहेर पडण्याच्या क्रियेस रक्तस्राव म्हणतात. रक्त शरीराबाहेर वाहत असल्यास त्यास बाह्य रक्तस्राव म्हणतात. छाती, उदर, श्रोणी (कमरेच्या हाडांनी वेढलेली पोकळी) किंवा मांडीचे स्नायू यांत ते साठत असल्यास त्यास अंतर्गत रक्तस्राव अशी संज्ञा आहे. अपघात, शस्त्रांनी झालेल्या जखमा, प्रसूती, जठर व आतडे यांतील व्रण आणि मोठ्या शस्त्रक्रिया ही तीव्र रक्तस्रावाची प्रमुख कारणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सर्व प्रकारच्या इजांमुळे जगात दरवर्षी सु. ४४ लक्ष व्यक्ती मृत्युमुखी पडतात, तर प्रसूत्युत्तर रक्तस्रावाने सु. ७०,००० स्त्रिया दगावतात. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ मृत्यूंची नोंद झाली. इजा झालेले जे रुग्ण पहिल्या काही तासांत मरण पावतात, त्यांच्या मृत्यूचे रक्तस्राव हे एक मुख्य कारण असते. यांतील बरेचसे मृत्यू टाळता येण्यासारखे असल्यामुळे रक्तस्रावाच्या परिचर्येस वैद्यकात व सार्वजनिक आरोग्यात विशेष महत्त्व आहे.

ही परिचर्या दीर्घकाळ अनुभव व परंपरा यांवर आधारलेली होती. सु. १९९० नंतर मोठ्या तुलनात्मक चाचण्यांमुळे तिच्यातील अनेक रूढ उपाय कसोटीस लावले गेले. काही स्वस्त व साधे उपाय प्राणरक्षक असल्याचे सिद्ध झाले, तर तर्काने योग्य वाटणारे काही उपाय निरुपयोगी किंवा अपायकारक ठरले. कोणता उपाय योजला याइतकेच तो किती लवकर योजला यालाही महत्त्व असते, हा या संशोधनाचा सर्वांत मोठा निष्कर्ष होय.

शरीरक्रियात्मक परिणाम : सु. ७० किग्रॅ. वजनाच्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सु. ५ लि. रक्त असते. त्यातील १५ टक्क्यांपर्यंत रक्त गेले, तर निरोगी शरीर ते सहसा सोसू शकते. १५ ते ३० टक्के रक्त गेल्यास नाडीची गती वाढते, त्वचा थंड व फिकी पडते आणि रुग्ण अस्वस्थ होतो. रक्तदाब बहुधा ३० टक्क्यांहून अधिक रक्त गेल्यानंतरच स्पष्टपणे उतरतो. यामुळे केवळ रक्तदाब ठीक आहे एवढ्यावरून, विशेषतः तरुण रुग्णाच्या बाबतीत, धोका नाही असे समजणे चुकीचे ठरते. ४० टक्क्यांहून अधिक रक्त गेल्यास तत्काळ उपचारांअभावी मृत्यू संभवतो. रक्ताभिसरण अपुरे पडून ऊतकांना (समान कार्य करणाऱ्या कोशिकांच्या समूहांना) ऑक्सिजन न मिळण्याच्या या अवस्थेस रक्तस्रावजन्य अवसाद म्हणतात.

वाहिनी फाटताच ती आकुंचन पावते, बिंबाणू तेथे चिकटतात आणि रक्तक्लथनाच्या (रक्त गोठण्याच्या) विक्रियांतून फायब्रिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे तयार होऊन गुठळी पक्की होते. त्याच वेळी गुठळी विरघळविण्याची उलट क्रियाही शरीरात चालू असते. प्लाझ्मिन हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारे प्रथिन) फायब्रिनाचे तुकडे करते. तीव्र इजेत हा समतोल ढळतो व गुठळी बनण्यापेक्षा ती विरघळण्याची क्रिया वरचढ होऊ शकते. लंडन येथील करीम ब्रोही व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, गंभीर इजा झालेल्या रुग्णांपैकी सु. एकचतुर्थांश रुग्णांमध्ये रुग्णालयात पोहोचतानाच रक्तक्लथनात बिघाड झालेला असतो आणि अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक असते. पुढे शरीराचे तापमान उतरणे, रक्तातील अम्लता वाढणे आणि रक्तक्लथन बिघडणे या तीन गोष्टी एकमेकींस पोषक ठरून दुष्टचक्र निर्माण होते. हे चक्र सुरू होण्यापूर्वीच रक्तस्राव थांबविणे हे सर्व आधुनिक उपचारांचे उद्दिष्ट असते.

ऐतिहासिक आढावा : सोळाव्या शतकापर्यंत यूरोपात अवयवच्छेदनानंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी तापविलेल्या लोखंडाने डागणी देत असत. आंब्र्वाझ पारे (सु. १५१०–९०) या फ्रेंच शस्त्रक्रियातज्ञांनी १५५२ मध्ये डागणीऐवजी रोहिणी दोऱ्याने बांधण्याची पद्धत अवलंबिली. झां ल्वी पेती (१६७४–१७५०) यांनी १७१८ मध्ये मळसूत्राने आवळता येणारे टूर्निकेट (अवयवाभोवती आवळावयाचा पट्टा) वापरात आणले आणि फ्रीड्रिख फोन एस्मार्ख (१८२३–१९०८) या जर्मन शस्त्रक्रियातज्ञांनी १८७३ मध्ये रबरी पट्ट्याचा उपयोग सुचविला. कार्ल लँडस्टायनर (१८६८–१९४३) यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला व १९१४ मध्ये सोडियम सायट्रेट मिसळून रक्त न गोठता ठेवण्याची युक्ती साध्य झाली. या दोहोंमुळे रक्ताधान (एकाचे रक्त दुसऱ्यास देणे) व्यवहार्य झाले. दुसऱ्या महायुद्धापासून पुढील अनेक दशके युद्धजन्य अनुभव हेच या शाखेतील ज्ञानाचे मुख्य साधन राहिले.

चाचण्यांची पद्धती : रक्तस्रावाच्या रुग्णावर एकाच वेळी अनेक उपचार केले जातात आणि रुग्णांच्या इजाही भिन्न असतात. त्यामुळे एखादा रुग्ण वाचला तो नेमक्या कोणत्या उपायाने, हे एकेका डॉक्टरांच्या अनुभवावरून ठरविणे कठीण असते. यादृच्छिक चाचणीत प्रत्येक रुग्णास औषध मिळावे की औषधासारखेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य मिळावे, हे केवळ योगायोगावर सोपविलेले असते. पुष्कळ रुग्ण घेतल्यास दोन्ही गट इतर सर्व बाबतींत सारखे होतात व परिणामांतील फरक औषधाचा मानता येतो. शंभरामागे एकदोन मृत्यूंचा फरक निश्चितपणे ओळखण्यासाठी हजारो रुग्णांची आवश्यकता असते. हा फरक लहान दिसला, तरी जगभरच्या रुग्णांचा विचार करता त्याचा अर्थ प्रतिवर्षी हजारो प्राण असा होतो.

प्राथमिक नियंत्रण : बाह्य रक्तस्रावावर पहिला व बहुतेक वेळा पुरेसा उपाय म्हणजे स्वच्छ कापड जखमेवर ठेवून हाताने घट्ट व अखंड दाब देणे हा होय. दर मिनिटाला कापड उचलून पाहिल्यास बनत असलेली गुठळी निघून येते. जखमेत रुतलेली वस्तू उपटून काढू नये, कारण पुष्कळदा तिच्यामुळेच फाटलेली वाहिनी दाबली गेलेली असते. हात किंवा पाय यांतून होणारा जोरदार रक्तस्राव दाबाने थांबत नसल्यास टूर्निकेट वापरतात. ते जखमेच्या वर, सांध्यावर न येईल असे बांधून रक्त थांबेपर्यंत आवळतात आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवतात.

टूर्निकेटमुळे अवयव गमवावा लागतो, या समजुतीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते मागे पडले होते. बगदाद येथील अमेरिकी सैनिकी रुग्णालयातील २३२ रुग्णांच्या अभ्यासाने (प्रसिद्धी २००९) ही समजूत बदलली. या रुग्णांपैकी केवळ टूर्निकेटमुळे एकाचाही अवयव गमावला गेला नाही. अवसाद होण्यापूर्वी ज्यांना टूर्निकेट बांधले गेले त्यांपैकी ९० टक्के, तर अवसाद झाल्यानंतर बांधलेल्यांपैकी केवळ १० टक्के रुग्ण वाचले. हा अभ्यास यादृच्छिक नसला, तरी फरक इतका मोठा होता की, त्यानंतर सैन्यात व नागरी सेवेतही टूर्निकेटचा वापर पुन्हा रूढ झाला. श्वासमार्ग, श्वसन व रक्ताभिसरण हा तपासणीचा जुना क्रमही बदलून प्राणघातक बाह्य रक्तस्राव असल्यास तो प्रथम थांबवावा, असे सांगितले जाऊ लागले.

द्रव व रक्त यांचे आधान : रक्तदाब उतरलेल्या रुग्णास नीलेतून लवणद्राव भराभर देऊन दाब पूर्ववत करावा, अशी प्रथा अनेक वर्षे होती. विल्यम बिकेल, केनेथ मॅटॉक्स व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात धडावर भेदक जखमा झालेल्या ५९८ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच द्रव दिलेल्यांपैकी ६२ टक्के रुग्ण वाचले, तर शस्त्रक्रियागृहात जाईपर्यंत द्रव रोखून धरलेल्यांपैकी ७० टक्के वाचले. लवणद्रावामुळे रक्त पातळ होते, रक्तक्लथनास लागणारे घटक विरळ होतात, शरीर थंड पडते आणि वाढलेल्या दाबाने नुकतीच बनलेली गुठळी सुटून येते, असे याचे स्पष्टीकरण देण्यात आले. यावरून रक्तस्राव थांबेपर्यंत रक्तदाब मुद्दाम काहीसा कमी राहू देण्याचे धोरण पुढे आले. मात्र डोक्यास इजा झालेल्या रुग्णास ते लागू पडत नाही, कारण कमी दाबाने मेंदूची अधिक हानी होते.

लवणद्रावाऐवजी रक्ताचे घटक कोणत्या प्रमाणात द्यावेत, हा पुढील प्रश्न होता. अमेरिकेतील १२ केंद्रांत ६८० रुग्णांवर केलेल्या चाचणीत (प्रसिद्धी २०१५) रक्तद्रव, बिंबाणू व तांबड्या कोशिका यांचे प्रमाण एका गटात १ : १ : १ व दुसऱ्या गटात १ : १ : २ ठेवले होते. एकूण मृत्यूंच्या प्रमाणात २४ तासांनंतर (१२·७ व १७·० टक्के) व ३० दिवसांनंतर (२२·४ व २६·१ टक्के) आढळलेला फरक सांख्यिकीय दृष्ट्या निश्चित मानण्याइतका नव्हता. परंतु पहिल्या २४ तासांत रक्त वाहून गेल्याने झालेले मृत्यू पहिल्या गटात ९·२ टक्के व दुसऱ्यात १४·६ टक्के होते. त्यामुळे तीव्र रक्तस्रावात केवळ तांबड्या कोशिका न देता तिन्ही घटक समतोल प्रमाणात देण्याची पद्धत मान्य झाली.

घाईच्या वेळी रुग्णाचा रक्तगट ठाऊक नसल्यास ओ गटाच्या तांबड्या कोशिका देण्याचा प्रघात आहे. याला एक महत्त्वाचा अपवाद मुंबईतच प्रथम आढळला. य. म. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये ‘बाँबे’ रक्तगटाचे वर्णन केले. या गटाच्या व्यक्तींच्या तांबड्या कोशिकांवर एच हा पदार्थ नसतो व रक्तद्रवात त्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात, त्यामुळे त्यांना ओ गटाचे रक्तही चालत नाही. अशा व्यक्तींना त्याच गटाचे रक्त मिळवून द्यावे लागते. म्हणून त्यांच्या नोंदी रक्तपेढ्यांनी आधीपासून ठेवणे आवश्यक ठरते.

ट्रॅनेक्झॅमिक अम्ल : शोसुके ओकामोतो व उताको ओकामोतो (१९१८–२०१६) या जपानी संशोधक दांपत्याने या औषधाचा शोध लावून १९६२ मध्ये तो प्रसिद्ध केला. हे लायसीन या ॲमिनो अम्लासारखी रचना असलेले संश्लेषित संयुग आहे. प्लाझ्मिनाचे पूर्वद्रव्य फायब्रिनाला ज्या जागांनी चिकटते, त्या जागा हे संयुग अडवते. परिणामी बनलेली गुठळी विरघळत नाही. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू टाळावेत, हा उताको ओकामोतो यांच्या संशोधनामागील एक हेतू होता. परंतु त्यासाठी औषधाची मोठी चाचणी त्या काळी झाली नाही व अनेक वर्षे त्याचा वापर अतिरिक्त मासिक स्राव, दंतवैद्यक व काही नियोजित शस्त्रक्रिया यांपुरता मर्यादित राहिला.

लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील इयन रॉबर्ट्‌स, हलीमा शकूर व त्यांचे सहकारी यांनी घडवून आणलेल्या ‘क्रॅश-२’ या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ४० देशांतील २७४ रुग्णालयांतून इजा झालेले २०,२११ प्रौढ रुग्ण सहभागी झाले होते व त्यांत भारतीय रुग्णांचाही मोठा वाटा होता. इजेनंतर ८ तासांच्या आत औषधाचा १ ग्रॅ. चा पहिला हप्ता १० मिनिटांत व दुसरा १ ग्रॅ. पुढील ८ तासांत नीलेतून दिला गेला. सर्व कारणांनी होणारे मृत्यू १६·० टक्क्यांवरून १४·५ टक्क्यांवर आणि रक्तस्रावाने होणारे मृत्यू ५·७ टक्क्यांवरून ४·९ टक्क्यांवर आले. गुठळी अडकून रक्तवाहिनी बंद होण्याच्या घटना वाढल्या नाहीत.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील विश्लेषणात वेळेचे महत्त्व उघड झाले. औषध पहिल्या तासात मिळालेल्यांत रक्तस्रावाने ५·३ टक्के व निष्क्रिय द्रव्य मिळालेल्यांत ७·७ टक्के मृत्यू झाले. एक ते तीन तासांच्या दरम्यान हे प्रमाण अनुक्रमे ४·८ व ६·१ टक्के होते. तीन तासांनंतर मात्र ते उलटे होऊन ४·४ व ३·१ टक्के झाले, म्हणजे उशिरा दिलेले औषध अपायकारक ठरण्याचा संभव दिसून आला. ४०,१३८ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणावरून (२०१८) असे अनुमान काढण्यात आले की, प्रत्येक १५ मिनिटांच्या विलंबागणिक औषधाचा लाभ सु. १० टक्क्यांनी घटतो व तीन तासांनंतर तो उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये या औषधाचा इजांतील रक्तस्रावासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

याच औषधाच्या नंतरच्या चाचण्यांनी त्याच्या मर्यादाही दाखविल्या. डोक्यास इजा झालेल्या १२,७३७ रुग्णांच्या ‘क्रॅश-३’ चाचणीत (२०१९) एकूण फरक निश्चित ठरला नाही, पण सौम्य व मध्यम इजेच्या रुग्णांत लवकर दिलेल्या औषधाने मेंदूच्या इजेमुळे होणारे मृत्यू कमी झाले. अन्नमार्गातील रक्तस्रावाच्या १२,००९ रुग्णांत (‘हॉल्ट-आयटी’, २०२०) रक्तस्रावाने होणारे मृत्यू औषधाने ३·७ व त्याविना ३·८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. याउलट नीलांत गुठळी होण्याच्या घटना ०·४ वरून ०·८ टक्क्यांवर गेल्या व झटके येण्याचे प्रमाणही वाढले. यामुळे अन्नमार्गातील रक्तस्रावात त्याचा सरसकट वापर करू नये असे ठरले. रुग्णवाहिकेतच औषध देण्याविषयीच्या ‘पॅच’ चाचणीत (२०२३) १,३१० रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर समाधानकारक स्थितीत असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखे (५३·७ व ५३·५ टक्के) होते, मात्र २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण औषध मिळालेल्यांत १७·३ व इतरांत २१·८ टक्के होते. प्राण वाचणे आणि कार्यक्षम जीवन परत मिळणे ही दोन वेगळी फले आहेत, हे या चाचणीने स्पष्ट केले.

प्रसूत्युत्तर रक्तस्राव : २१ देशांतील १९३ रुग्णालयांत २०,०६० स्त्रियांवर केलेल्या ‘वुमन’ चाचणीत (२०१७) ट्रॅनेक्झॅमिक अम्लाने रक्तस्रावामुळे होणारे मृत्यू १·९ टक्क्यांवरून १·५ टक्क्यांवर आणि प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध दिलेल्या स्त्रियांत १·७ टक्क्यांवरून १·२ टक्क्यांवर आले. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मात्र घटले नाही. ज्या हेतूने मूळ संशोधन झाले होते, तो अशा रीतीने ५५ वर्षांनी सिद्धीस गेला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी या उपचाराची शिफारस केली.

प्रसूतीच्या वेळी गेलेल्या रक्ताचा अंदाज केवळ नजरेने केल्यास तो बहुधा कमी होतो व उपचारांस विलंब लागतो. केन्या, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांतील ‘ई-मोटिव्ह’ चाचणीत (२०२३) प्रसूतीनंतर मोजखुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी स्त्रीच्या खाली बसवून रक्त मोजले गेले. ठरावीक मर्यादा ओलांडताच गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आकुंचन पावण्याची औषधे, ट्रॅनेक्झॅमिक अम्ल, नीलेतून द्रव व कारणांची तपासणी हे उपाय एकापाठोपाठ न करता एकत्रित योजले गेले. रक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण ५१·१ टक्क्यांवरून ९३·१ टक्क्यांवर गेले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी उदर उघडण्याची वेळ येणे किंवा त्यामुळे मृत्यू होणे, यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या परिचर्येत ४·३ टक्के, तर या पद्धतीत १·६ टक्के होते. येथे नवे औषध किंवा महाग यंत्र वापरलेले नव्हते. वेळेवर मोजणे व तत्काळ कृती करणे एवढाच बदल केलेला होता.

शस्त्रक्रियेतील परिचर्या : इजेने कोसळलेल्या रुग्णावर एकाच वेळी संपूर्ण व दीर्घ शस्त्रक्रिया केल्यास तापमानघट, अम्लता व रक्तक्लथनातील बिघाड वाढून रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावू शकतो. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेत केवळ रक्तस्राव व दूषितीकरण थांबवून उदर तात्पुरते झाकतात. रुग्णास अतिदक्षता विभागात ऊब, रक्त व ऑक्सिजन देऊन सावरतात आणि एकदोन दिवसांनी उरलेली दुरुस्ती करतात. मायकेल रोटोंडो व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये या पद्धतीस हानी-नियंत्रण या अर्थाचे नाव दिले. मोठी रक्तवाहिनी व अनेक अंतर्गत अवयव यांना इजा झालेल्या त्यांच्या २२ रुग्णांपैकी या पद्धतीने उपचार केलेल्या १३ पैकी १० व पारंपरिक पद्धतीने उपचार केलेल्या ९ पैकी १ रुग्ण वाचला. रुग्णसंख्या अल्प असली, तरी या निष्कर्षाने शस्त्रक्रियेचा क्रम बदलला.

नियोजित शस्त्रक्रियांतही रक्तस्राव कमी करण्याचे प्रयत्न झाले आहेत. हृदयाच्या परिमंडली रोहिण्यांवरील शस्त्रक्रियेच्या ४,६६२ रुग्णांत (२०१७) ट्रॅनेक्झॅमिक अम्लामुळे रक्तस्रावासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रमाण २·८ वरून १·४ टक्क्यांवर आले, पण झटके येण्याचे प्रमाण ०·१ वरून ०·७ टक्के झाले. हृदयेतर शस्त्रक्रियेच्या ९,५३५ रुग्णांत (‘पॉइझ-३’, २०२२) गंभीर रक्तस्राव ११·७ ऐवजी ९·१ टक्के रुग्णांत आढळला. मात्र हृदय व रक्तवाहिन्यांसंबंधीच्या उपद्रवांचे प्रमाण १४·२ व १३·९ टक्के असल्याने त्या दृष्टीने औषध पूर्णतः निर्धोक असल्याचे आधी ठरविलेल्या निकषावर सिद्ध होऊ शकले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षेची तपासणीसूची नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहण्यात आली. रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, अपेक्षित रक्तस्राव व त्यासाठीची तयारी या बाबी तीत मोठ्याने उच्चारून खात्री करून घ्यावयाच्या असतात. २००९ मधील निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १·५ वरून ०·८ टक्क्यांवर व उपद्रव ११ वरून ७ टक्क्यांवर आले. ही तुलना सूचीपूर्वीच्या व सूचीनंतरच्या काळांची असल्याने तिचे प्रमाण यादृच्छिक चाचणीइतके बळकट नाही. तथापि सूचीचा वापर जगभर पसरला.

रक्ताधानाची मर्यादा : रक्तस्राव थांबल्यानंतर हीमोग्लोबिन किती कमी झाल्यास रक्त द्यावे, याविषयीही मतांतर झाले आहे. पूर्वी १०० मिलि. रक्तात १० ग्रॅ. ही मर्यादा रूढ होती. कॅनडातील अतिदक्षता विभागांतील ८३८ रुग्णांच्या चाचणीत (१९९९) मर्यादा ७ ग्रॅ. ठेवलेल्या गटात ३० दिवसांतील मृत्यू १८·७ व १० ग्रॅ. ठेवलेल्या गटात २३·३ टक्के होते. हा फरक निश्चित नसला, तरी कमी रक्त दिल्याने अपाय होत नाही हे दिसून आले. अन्नमार्गाच्या वरच्या भागातील रक्तस्रावाच्या ९२१ रुग्णांत (२०१३) सहा आठवड्यांनंतर संयमाने रक्त दिलेल्यांपैकी ९५ टक्के व सढळपणे दिलेल्यांपैकी ९१ टक्के जिवंत होते. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांस मात्र हा नियम सरसकट लावणे योग्य नाही, असे ३,५०४ रुग्णांच्या २०२३ मधील चाचणीवरून वाटते. तीत मृत्यू किंवा पुन्हा झटका यांचे प्रमाण कमी रक्त मिळालेल्यांत १६·९ व अधिक मिळालेल्यांत १४·५ टक्के होते आणि फरक सांख्यिकीय निश्चितीच्या जवळ पोहोचला होता.

अपेक्षाभंग करणारे उपाय : मांडीतील रोहिणीतून महारोहिणीत फुगा नेऊन तो फुगविल्यास त्याखालील रक्तप्रवाह काही काळ थांबतो. ही युक्ती अनेक ठिकाणी उत्साहाने स्वीकारली गेली. परंतु ब्रिटनमधील ९० रुग्णांच्या चाचणीत (२०२३) फुगा वापरण्याचे धोरण असलेल्या गटात ९० दिवसांत ५४ टक्के व नेहमीच्या परिचर्येत ४२ टक्के मृत्यू झाले. फुगा बसविण्यात गेलेला वेळ हे याचे एक संभाव्य कारण मानले जाते. फायब्रिनाचे पूर्वद्रव्य विपुल असणारा रक्तद्रवाचा भाग सर्व रुग्णांस लवकर द्यावा, ही कल्पनाही १,६०४ रुग्णांच्या चाचणीत (२०२३) फलदायी ठरली नाही. तीत २८ दिवसांतील मृत्यू तो दिलेल्यांत २५·३ व न दिलेल्यांत २६·१ टक्के झाले.

भारतातील स्थिती : अपघातानंतरचा पहिला तास सुवर्णतास म्हणून ओळखला जातो. बॉल्टिमोर येथील आर. ॲडम्स काउली (१९१७–९१) यांनी ही कल्पना प्रचारात आणली. भारतात मोटारवाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मध्ये तिची व्याख्या करण्यात आली असून जखमी व्यक्तीस सद्‌भावनेने मदत करणाऱ्या नागरिकास दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षण देण्यात आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच या संरक्षणाविषयीच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले होते. पोलीस चौकशीच्या भीतीने जखमीस हात न लावण्याची प्रवृत्ती दूर व्हावी, हा त्यामागील उद्देश होय. महाराष्ट्रात १०८ या दूरध्वनी क्रमांकावरील आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. रस्त्यावरील अपघातग्रस्तांना पहिल्या सात दिवसांत दीड लक्ष रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळावेत, अशी केंद्र शासनाची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली.

वर दिलेल्या संशोधनातून परिणामकारक ठरलेले दाब, टूर्निकेट, ट्रॅनेक्झॅमिक अम्ल, मोजखुणांची पिशवी व तपासणीसूची हे उपाय कमी खर्चाचे असून जिल्हा व तालुका पातळीवरील रुग्णालयांतही योजता येतात. औषधाचा उपयोग डॉक्टरांच्या निर्णयानेच व्हावयास हवा. परंतु जखमेवर दाब देणे, टूर्निकेट बांधणे व रुग्णवाहिका बोलावणे ही कामे घटनास्थळी असलेल्या सामान्य व्यक्तीलाच करावी लागतात. पहिल्या तासातील ती कृती झाली नाही, तर रुग्णालयातील पुढील उपचारांपैकी बहुतेकांचा लाभ रुग्णास मिळू शकत नाही.